ब्रेकचं आतलं पॅड बघा: डिस्क आणि पॅडची झीज घरच्या पार्किंगमध्ये कशी मोजावी

गणपतीला गावी निघायच्या तीन दिवस आधीची गोष्ट. मुलुंडला आमच्या सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये गाडी मागे घेत होते. काचा खाली होत्या आणि दोन्ही बाजूंना भिंती, त्यामुळे एरवी रस्त्याच्या गोंगाटात बुडून जाणारा आवाज त्या दिवशी ऐकू आला. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा, पत्र्यावर खडा घासावा तशी खर्र. दोन महिन्यांपूर्वीच सर्व्हिसिंग झालं होतं आणि कागदावर ब्रेकसमोर बरोबरची खूण होती. चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला आतून एक आणि बाहेरून एक पॅड दाबतं, तेव्हा ब्रेक लागतो. टॉर्च मारून अलॉय चाकाच्या फटीतून पाहिलं, तर बाहेरचं पॅड चांगलं ६ मिमी जाड. मला हायसं वाटलं. तरी आवाज जाईना, म्हणून कोपऱ्यावरच्या मेस्त्रींना बोलावलं. त्यांनी चाक काढलं, पॅड डिस्कवर दाबणारा चिमट्यासारखा भाग, म्हणजे कॅलिपर, उचलला आणि आतलं पॅड माझ्या हातावर ठेवलं. एका टोकाला लायनिंग, म्हणजे पॅडचा घासणारा थर, जेमतेम १ मिमी, दुसऱ्या टोकाला नुसता लोखंडी पत्रा, घासून चकाकणारा. "ताई, बाहेरचं बघून काय होतंय? संपतं ते आतलं," ते म्हणाले.

त्याच गाडीतून आम्ही पाच जण डिकीभर सामान घेऊन परशुराम घाट उतरणार होतो. तेव्हापासून मी दर सहा महिन्यांनी ब्रेक स्वतः मोजते, एकदा पावसाळ्यापूर्वी मे महिन्यात आणि एकदा दिवाळीनंतर. दोन पुढची चाकं आणि तासाभराचा वेळ, एवढंच लागतं. पॅड बदलायचं काम मी मेस्त्रींवर सोपवते, पण कधी आणि काय बदलायचं हे मोजल्याशिवाय ठरवत नाही.

किलोमीटर विचारू नका

"ब्रेक पॅड किती किलोमीटर चालतात?" हा प्रश्न सगळे विचारतात आणि त्याला एक उत्तर नाही. सायन ते अंधेरी रोज गर्दीत रांगत जाणारी गाडी आणि आठवड्यातून एकदा एक्सप्रेसवेने पुण्याला जाणारी गाडी, दोघींचा मीटर सारखाच फिरला तरी पॅड सारखे झिजत नाहीत. गर्दीत ब्रेक वारंवार लागतो, पण वेग कमी असल्याने दर वेळी थोडाच. वेगात ब्रेक क्वचित लागतो, पण एकदा लागला की काम मोठं असतं. गाडीच्या गतीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणून ताशी ८० वरून थांबताना ब्रेकला ताशी ४० च्या चौपट उष्णता पचवावी लागते. ऑटोमॅटिक गाडी सिग्नलला आपोआप पुढे सरकू पाहते आणि तिला ब्रेकनेच धरून ठेवावं लागतं. त्यात चालवणाऱ्याची सवय वेगळी. म्हणून मिलिमीटर मोजायचे.

आधी कान आणि पाय

चाक काढण्याआधी गाडी काय सांगते ते ऐका. ब्रेक लावला की बारीक, उंच, शिट्टीसारखा आवाज येतो का? बऱ्याच पॅडना एक छोटी लोखंडी पट्टी असते. लायनिंग साधारण २ ते ३ मिमी उरलं की ती डिस्कला टेकते आणि चिरकायला लागते. ती इशाऱ्यासाठीच बसवलेली असते. पण सगळ्या पॅडना ती नसते, आणि असली तरी बहुधा दोनपैकी एकाच पॅडला असते. त्यामुळे आवाज नाही म्हणजे सगळं ठीक, असं धरून चालू नका. खर्र असा जाड, दळल्यासारखा आवाज म्हणजे लोखंडावर लोखंड. तो आला की गाडी तिथून मेस्त्रीकडेच न्यायची, तीही हळू.

सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकना येणारी खरखर वेगळी. मुंबईच्या दमट हवेत, आणि समुद्राजवळ तर जास्तच, रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर तांबूस गंज धरतो. डिस्क ओतीव लोखंडाची असते, तिला गंज चढायला एक पावसाळी रात्र पुरते. चार वेळा ब्रेक लावला की पॅड तो पुसून काढतात आणि आवाज जातो. त्यात काळजीचं काही नाही.

पायाला काय जाणवतं तेही बघा. ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरत असेल किंवा पेडल पायाला धडधड मारत असेल, तर डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नाही. गाडी एका बाजूला ओढत असेल, तर दोन चाकांचे ब्रेक सारखे लागत नाहीत. पेडल मऊ लागत असेल किंवा खोल जात असेल, तर ते पॅडच्या झिजेपेक्षा गंभीर आहे. लाइनमध्ये हवा किंवा कुठेतरी गळती असू शकते, तेव्हा मोजमाप राहू द्या आणि आधी दाखवून घ्या.

अर्धा तास गाडी चालवून आल्यावर पुढच्या दोन्ही चाकांजवळ हात न्या, लावू नका. एका चाकातून दुसऱ्यापेक्षा स्पष्ट जास्त धग येत असेल, तर त्या बाजूचा ब्रेक सुटत नाही. गर्दीतल्या मुंबईत ही खूण फार उपयोगाची आहे, कारण इथे वेग इतका कमी की अडकलेला ब्रेक चालवताना लक्षातही येत नाही.

बॉनेट उघडा, ब्रेक ऑइल बघा

पॅड झिजले की त्यांना रेटणारा कॅलिपरमधला पिस्टन पुढे येतो आणि त्याच्यामागची जागा ब्रेक ऑइल भरून काढतं. म्हणून डब्यातली पातळी वर्षभरात हळूहळू खाली येते, ते साहजिक आहे. एकदम खाली गेली तर गळती शोधायची. पातळी कमी दिसली म्हणून लगेच वरपर्यंत भरू नका. पुढे नवीन पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलला की तेच ऑइल वर येऊन डब्याबाहेर सांडतं, आणि ब्रेक ऑइल गाडीचा रंग खातं. पॅड मोजल्यावरच पातळीचा अर्थ लागतो. ऑइल काळपट झालं असेल किंवा दोन वर्षं उलटली असतील, तर बदलून घ्या. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पाणी शोषल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो.

चाक काढताना

अलॉयच्या फटीतून किंवा स्टिअरिंग पूर्ण वळवून मागच्या बाजूने थोडंफार दिसतं. काही कॅलिपरना वर खिडकी असते, तिच्यातून दोन्ही पॅडच्या कडा दिसतात. रोजच्या नजरेला हे पुरेसं आहे, पण सहामाही मोजणीला चाक काढायचंच.

जागा सपाट हवी. पोडियमच्या उतारावर हे काम करू नका. आपल्याकडे बऱ्याच सोसायट्यांत पेव्हर ब्लॉक असतात, त्यांवर जॅकचा पाया एका बाजूने खचतो. म्हणून जॅकखाली फूटभर रुंद जाड प्लायवूडचा तुकडा घाला. हँडब्रेक ओढा आणि मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. चाकाचे नट चाक जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा, मग जॅक लावा, तोही पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच. गाडी वर गेल्यावर जॅकस्टँड, म्हणजे गाडी पेलणारा स्थिर आधार, लावा. स्टेपनीसोबतचा जॅक हा चाक बदलण्यापुरता असतो, त्याच्या भरवशावर गाडीखाली हात-पाय घालायचे नाहीत. काढलेलं चाक आडवं करून दाराखालच्या पट्टीखाली सरकवून ठेवा. काही घसरलंच, तर गाडी चाकावर टेकेल.

पॅडची काळी धूळ फुंकू नका आणि एअर गनने उडवू तर मुळीच नका. काही लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतो. ओल्या फडक्याने पुसा, मास्क लावा.

पॅड मोजणं

पॅड म्हणजे दोन थर. मागे लोखंडी पाटी, साधारण ५ मिमीची. तिच्यावर चिकटवलेलं लायनिंग, म्हणजे डिस्कला घासणारा भाग. मोजायचं फक्त लायनिंग. इथे भरपूर लोक फसतात. पाटीसकट ८ मिमी दिसतं आणि वाटतं अजून बरंच आहे, प्रत्यक्षात लायनिंग उरलेलं असतं ३.

नवीन पुढच्या पॅडचं लायनिंग बहुतेक गाड्यांत १० ते १२ मिमी असतं. माझा हिशेब असा: ६ च्या वर निर्धास्त. ४ ते ६ च्या मध्ये असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा बघायचं. ३ ला बदलायचं. गाडीच्या पुस्तिकेत काही वेळा २ किंवा त्याहूनही कमी मर्यादा दिलेली असते, पण मी तिथपर्यंत ताणत नाही. लायनिंग पातळ झालं की डिस्कची उष्णता अडवायला काही उरत नाही, ती सरळ पिस्टनवाटे ब्रेक ऑइलपर्यंत पोचते. घाटात नेमकं हेच नको असतं.

एका चाकावर चार आकडे घ्या: बाहेरच्या पॅडची वरची आणि खालची कड, आतल्या पॅडची वरची आणि खालची कड. आतलं पॅड कॅलिपरच्या मागे लपलेलं असतं. मी फोन फ्लॅश चालू करून मागे नेते आणि व्हिडिओ काढते, मग पडद्यावर मोठं करून बघते. पॅडच्या कडेशी एक छोटी स्टीलची पट्टी धरून व्हिडिओ काढला की आकडा वाचता येतो. शंका राहिली तर कॅलिपरचा खालचा बोल्ट काढून तो वर उचलायचा आणि पॅड बाहेर घ्यायचे. कॅलिपर पूर्ण सुटा केलात तर त्याला त्याच्या रबरी होजवर लोंबकळू देऊ नका, तारेने चाकामागच्या स्प्रिंगला बांधा. आणि कॅलिपर उचललेला असताना कोणालाही ब्रेक दाबू देऊ नका, पिस्टन बाहेर येईल.

चार आकड्यांची भाषा

छोट्या आणि मध्यम गाड्यांत बहुतेक वेळा सरकता कॅलिपर असतो. पिस्टन फक्त आतल्या बाजूला. ब्रेक दाबला की पिस्टन आतलं पॅड डिस्कवर रेटतो, त्याच्या उलट्या जोराने कॅलिपरची सगळी बॉडी दोन पिनांवर आत सरकते आणि बाहेरचं पॅड डिस्कवर ओढून घेते. म्हणजे बाहेरच्या पॅडचं काम पिना किती सहज सरकतात यावर अवलंबून असतं.

पिनांवरचं रबरी बूट फाटलं, पावसाचं पाणी आत गेलं, ग्रीस धुतलं गेलं, की पिन गंजून जाम होते. मग बॉडी सरकत नाही आणि आतलं पॅड एकटं राबतं. माझ्या गाडीत हेच झालं होतं. दोन पावसाळे पिनेला कोणी हातही लावला नव्हता.

आत-बाहेर अर्धा-एक मिमी फरक चालतो. दीड-दोन मिमीच्या पुढे गेला तर पिना आणि पिस्टन दोन्ही तपासायला सांगा. आतलं जास्त झिजलं असेल तर पिना जाम असतील किंवा पिस्टन मागे जात नसेल. बाहेरचं जास्त झिजलं असेल तर बॉडी आत सरकली, पण परतताना अडकते आहे. एकाच पॅडची वरची कड ६ आणि खालची ३ असेल, म्हणजे पॅड पाचरीसारखं झालं असेल, तर एक पिन अडकलेली आहे किंवा पॅड त्याच्या चौकटीत, म्हणजे ब्रॅकेटमध्ये, गंजामुळे मोकळं सरकत नाही. डाव्या आणि उजव्या चाकात मोठा फरक असेल तर पातळ पॅडच्या बाजूचा कॅलिपर घासत राहतो आहे, किंवा जाड पॅडच्या बाजूचा नीट कामच करत नाही. वर सांगितलेली हाताची धग इथे पडताळून घ्या.

कारण न काढता नुसते नवीन पॅड टाकले तर ते पैसे सहा-आठ महिन्यांत घासून जातात. मेस्त्रींना स्पष्ट सांगा: पिना काढा, साफ करा, ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावा. साधं बेअरिंगचं ग्रीस चालत नाही, त्याने बूटचं रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते.

पॅडचा चेहराही बघा. आरशासारखी चकाकी म्हणजे लायनिंग तापून काचेसारखं झालंय. चिरा पडल्या असतील, कोपरा तुटला असेल, पाटीपासून लायनिंग सुटत असेल किंवा तेल लागलं असेल, तर जाडी कितीही असो, पॅड बदला.

डिस्कची खरी जाडी

डिस्कच्या मधल्या उंच भागावर किंवा कडेवर कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असतो. इंग्रजीत "मिन टीएच" अशी अक्षरं आणि पुढे मिमी. गंजाखाली झाकला असेल तर वायर ब्रशने घासा. उदाहरण म्हणून सांगते, पुढची हवा खेळती (मधे हवेसाठी फटी असलेली) डिस्क नवीन असताना २२ आणि मर्यादा २० असेल, तर सगळी चैन २ मिमीची, म्हणजे प्रत्येक बाजूला फक्त १. तुमच्या डिस्कवरचा आकडाच खरा, दुसऱ्याच्या गाडीचा उपयोग नाही.

आता बोट डिस्कच्या चेहऱ्यावरून बाहेरच्या कडेकडे न्या. डिस्क गार आहे ना, ते आधी बघा. कडेला उंचवटा लागेल. तिथे पॅड पोचत नाही म्हणून ती मूळ जाडी शिल्लक राहते, वर गंज चढून ती आणखी फुगते. याच काठामुळे साधा व्हर्नियर, म्हणजे जबड्यांत धरून जाडी मोजायची पट्टी, फसवतो. त्याचे जबडे काठावर टेकतात आणि झिजलेली डिस्क नव्यासारखी जाड दाखवतात. माइक्रोमीटर (स्क्रू फिरवून बारीक मोजायचं साधन) असेल तर प्रश्न नाही, त्याची टोकं काठाच्या आत पोचतात.

नसेल तर रुपयाची दोन सारखी नाणी घ्या. आधी ती दोन्ही एकमेकांवर ठेवून व्हर्नियरने मोजा आणि आकडा लिहा. मग एक नाणं डिस्कच्या बाहेरच्या चेहऱ्यावर, दुसरं बरोबर त्याच्यासमोर आतल्या चेहऱ्यावर, काठापासून सेंटिमीटरभर आत धरा आणि नाण्यांवरून मोजा. नाणी काठापेक्षा उंच असल्याने जबडे काठाला टेकत नाहीत. आलेल्या आकड्यातून नाण्यांची जाडी वजा करा. समजा नाणी मिळून ३.१ आली आणि एकूण २३.९, तर डिस्क २०.८. पहिल्यांदा करताना नाणं दोन-तीनदा खाली पडतं, सवयीने जमतं.

चाक न्यूट्रलमध्ये फिरवत सहा ते आठ ठिकाणी मोजा आणि सगळ्यात कमी आकडा धरा. खोल चर असतील तर मर्यादा चरीच्या तळाशी लागू होते. दशांश मिमीचा फरक नाण्यांनी कळेल, पण थरथर त्याहून कितीतरी बारीक फरकानेही येते, शंभराव्या भागाच्या हिशेबातल्या. ती माइक्रोमीटर आणि डायल गेजनेच (डिस्क फिरताना किती डुलते ते दाखवणाऱ्या घड्याळाने) सापडते. म्हणून स्टिअरिंग थरथरत असेल आणि नाण्यांनी काही सापडलं नाही, तरी डिस्क निर्दोष मानू नका.

ग्रामोफोनच्या तबकडीसारखे बारीक गोल ओरखडे चालतात. नख अडकेल अशा चरी असतील तर मेस्त्रींना दाखवा. निळसर डाग म्हणजे डिस्क फार तापली होती. पृष्ठभागावरच्या केसासारख्या बारीक चिरांवर लक्ष ठेवा, पण कडेपर्यंत पोचलेली एकही चीर दिसली तर डिस्क लगेच बदला. आतला चेहरा फोनने बघायला विसरू नका. बाहेरचा लखलखीत आणि आतल्यावर गंजाचा रुंद पट्टा असेल, तर त्या पट्ट्यावर पॅड टेकतच नाही. महिनोन्महिने उभ्या असलेल्या गाडीत हे हमखास दिसतं. वरवरचा तांबूस गंज ब्रेकने जातो, खड्डे पाडलेला काळा गंज जात नाही.

डिस्क लेथवर फेस मारून, म्हणजे वरचा थर खरवडून सपाट करून, घ्यावी का? फेस मारल्यावरही ती मर्यादेच्या पुरेशी वर राहणार असेल तरच. २०.८ च्या डिस्कवरून दोन्ही बाजूंनी मिळून ०.६ काढलं तर उरतात २०.२, आणि नवीन पॅडच्या आयुष्यात ती मर्यादेखाली जाणार. अशा वेळी मी नवीन डिस्क घेते. पॅड आणि डिस्क नेहमी जोडीने, डावी-उजवी एकदम.

मागे डिस्कऐवजी ड्रम ब्रेक असतील तर ड्रम उघडल्याशिवाय नीट कळत नाही. हँडब्रेकचे टक-टक मोजत राहा, वाढले तर ड्रममधला घासणारा थर, म्हणजे लायनर, झिजलाय किंवा केबल सैल झाली आहे. वर्षातून एकदा ड्रम काढून साफ करून घ्या आणि आतल्या सिलिंडरला ओल नाही ना, ते बघायला सांगा.

वही

माझ्या वहीतल्या दोन ओळी: ४२,१०० किमीला डाव्या पुढच्या चाकाचं आतलं पॅड ७ मिमी, ४९,६०० ला ५.५. म्हणजे ७,५०० किमीत दीड मिमी, हजारामागे ०.२. ३ पर्यंत यायला २.५ मिमी उरलेत, म्हणजे साधारण १२,५०० किमी. गावच्या एक-दोन फेऱ्यांसाठी मी त्यातून दोन-अडीच हजार सोडून देते. असे दोन आकडे हातात असले की "पॅड गेलेत, आजच टाका" असं कोणी म्हटलं तरी घाबरायला होत नाही, आणि "अजून चालतील" म्हटलं तरी आपण विसंबत नाही. बदललेले जुने पॅड मागून घ्या आणि त्यांवर तेच आकडे जुळतात का बघा.

नवीन पॅड बसल्यावर

गाडी हलवण्याआधी पेडल कडक लागेपर्यंत पंप करा. पिस्टन मागे ढकललेला असतो, पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही. पार्किंगमधल्या भिंतीवर गाड्या आदळतात त्या अशाच. चाकाचे नट पुस्तिकेत दिलेल्या जोराने, समोरासमोर आवळा आणि ५०-१०० किमीनंतर पुन्हा तपासा.

पहिले २००-३०० किमी पॅड आणि डिस्क एकमेकांना बसत असतात, तोवर जोरात ब्रेक टाळा. रविवारी पहाटे रस्ता मोकळा आणि मागे कोणी नसताना ताशी ५० वरून १० पर्यंत, पूर्ण न थांबता, मध्यम दाबाने आठ-दहा वेळा वेग उतरवा. प्रत्येक वेळेनंतर थोडं चालू द्या म्हणजे ब्रेक गार होईल. पॅड टाकून दुसऱ्या दिवशी घाट उतरायला निघू नका. आम्ही त्या वर्षी निघण्याचा दिवस एकाने पुढे ढकलला, दोन पहाटे ठाण्याच्या बाजूला फिरून आलो आणि मगच निघालो. परशुराम घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो, इंजिननेच गाडी धरली, ब्रेक मधून मधून. चिपळूणला चहाला थांबलो तेव्हा चारही चाकांजवळ हात नेऊन बघितला, पुढच्या दोन्ही चाकांची धग सारखी होती. वहीत त्या दिवसाची नोंद आहे: पॅड आत १०, बाहेर १०, डिस्क २०.८, पिना नवीन ग्रीसमध्ये. पुढची नोंद दिवाळीनंतरची.